ज्याचा नंबर त्याचा शब्द

त्याला सगळे लोणी म्हणायचे. गाडी शिकवायचा त्याचा धंदा. म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत अशा माणसांच्या शेजारी बसायचं, ज्यांचं स्वतः मरायचं की दुसऱ्याला मारायचं हे अजून ठरलेलं नाही. कुणी ब्रेक समजून भलतंच काही दाबायचं, कुणी गाडी सरळ फळांच्या हातगाडीत घालायचं. लोणी आपल्या पायाखालचा जादाचा ब्रेक दाबायचा आणि म्हणायचा, "काही हरकत नाही. परत करू." एकदा एका बाईंनी गाडी विजेच्या खांबावर घातली. याचं कपाळ काचेवर आपटलं, भुवई फाटली, शर्टाची कॉलर रक्ताने भिजली, आणि हा भुवईवर रुमाल दाबून त्यांनाच विचारतो, "तुम्हाला कुठे लागलं नाही ना?" आता अशा माणसाला लोणी नाही म्हणायचं तर काय दगड म्हणायचं?

पण हे लोणी काही सुखाने निघालेलं नव्हतं. त्याचा बाप पट्ट्याने मारायचा. आणि तोही बकलाकडच्या बाजूने. भात करपला म्हणून, पाऊस पडला म्हणून, काहीच झालं नाही म्हणूनसुद्धा. पोरगा पलंगाखाली शिरला की बाप पायाला धरून ओढून काढायचा आणि म्हणायचा, "आता दुप्पट." पुढे बाप मेला, पाठीवरचे वळ फिके झाले, लोण्याचं लग्न ठरलं. लग्नाआधी त्याने बायकोला बाजूला घेऊन सांगितलं, "माझा हात कधी उठला, तर त्याच दिवशी घर सोडून जा. मला विचारत बसू नकोस." बायकोला वाटलं, काय नाटकी माणूस मिळालाय! पण खरोखरच त्याचा हात कधी उठला नाही. बायकोवर नाही, मुलीवर नाही. फार संताप आला की तो मोरीत जायचा, नळाखाली दोन्ही हात धरायचा आणि पाणी वाहू द्यायचा. त्याला पक्कं ठाऊक होतं की बाप आपल्यात कुठेतरी दबा धरून बसलाय. त्याला बाहेर येऊ न देणं, हीच काय ती लोण्याची आयुष्यभराची कमाई. बाकी बँकेत म्हणाल तर आनंदच होता.

बँकेतला आनंद सिनेमामुळे. ही सिनेमाची मंडळी पाच. लोणी, चष्म्याच्या दुकानात कामाला असलेली चष्मेवाली, लग्नांचं शूटिंग करून पोट भरणारा कॅमेरावाला, मुलांच्या शिकवण्या घेणारे मास्तर, त्यांच्याकडे आवाजाचं काम, आणि दिव्यांचं बघणारा वायरमन. एकाच्याही मागे निर्माता नाही, शेठ नाही, की पैसेवाला सासरा नाही. पाचही जणांना सिनेमाची खाज. एकट्याने खाजवून भागेना, म्हणून एकत्र आले. प्रत्येकाने दर महिन्याला पगारातून काही बाजूला काढायचं, आणि पुरेसं साठलं की ज्याचा नंबर असेल त्याने ते उचलून आपला सिनेमा करायचा. बाकी चौघांनी त्याच्यासाठी फुकट राबायचं. नट परवडत नाहीत, तेव्हा नटही आपणच व्हायचं.

यात भांडणं नकोत म्हणून त्यांनी एक कायदा केला होता, ज्याचा नंबर त्याचा शब्द. तो जी भूमिका देईल ती निमूट करायची, नाही म्हणायचं नाही. आणि 'कट' म्हणायचा हक्क फक्त त्याचा. दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही, मग घराला आग का लागेना. हा कायदा उगाच आला नव्हता. पहिल्या सिनेमात ऐन रंगात आलेला मरणाचा प्रसंग मास्तरांनी 'कट, कट' ओरडून थांबवला होता. का? तर म्हणे आतून दूध उतू गेल्याचा वास आला! कॅमेरावाल्याने मास्तरांची गचांडी धरली, मास्तरांनी त्याला माइकच्या दांड्याने हाणलं, आणि मरणाऱ्या नटाला उठून दोघांना सोडवावं लागलं. तेव्हापासून शिस्त म्हणजे शिस्त.

खरं तर लोण्याच्या आधी नंबर चष्मेवालीचा होता. पण त्या दिवसांत लोण्याची गाडी शिकवायची शाळा बंद पडली. हातात काम नाही, डोक्यात एक सिनेमा, आणि चेहरा असा की बघणाऱ्याने दोरी लपवून ठेवावी. चष्मेवाली म्हणाली, "माझा सिनेमा कुठे पळून चाललाय? तू आधी कर, नाहीतर खुळा होशील." आपला नंबर तिने त्याला देऊन टाकला. वर त्याच्या सिनेमात ती बुडून मेलेली बाई झाली. थंडीच्या दिवसांत टाकीतल्या पाण्यात दिवसभर उताणी पडून राहिली. मेलेल्या बाईला खोकला शोभत नाही म्हणून श्वास कोंडून धरायची, आणि शॉट संपला की खोकून खोकून काळीनिळी व्हायची. सिनेमाने काही दिवे लावले नाहीत, पण लोणी त्यातून माणसात आला. त्याला नवीन शाळेत काम मिळालं. हे उपकार तो विसरणारा नव्हता, आणि इथेच घोडं पेंड खात होतं.

मग चष्मेवालीचा नंबर आला. चहाच्या टपरीवर तिने गोष्ट सांगितली.

"एक खोली. एक संध्याकाळ. माझा बाप घरी येतो आणि माझ्या आईला मारतो."

"मग?" मास्तरांनी विचारलं.

"मग हात धुतो आणि जेवायला बसतो."

तिचा बाप जाऊन फार दिवस झाले नव्हते. अख्खी गल्ली रडली होती.

"आईचं काम मी करणार. आणि बाप लोणी."

वायरमनला हसू फुटलं. "अगं, हा मारणार? हा मारण्याआधी परवानगीचा अर्ज करेल!"

लोणी हसला नाही. "मला दुसरं काहीही दे," तो म्हणाला. "तुझ्या सिनेमात मी झाडू मारतो, गाडी चालवतो. हे नको."

"माझ्या बापाला सगळे देवमाणूस म्हणायचे," चष्मेवाली म्हणाली. "मला तसाच चेहरा पाहिजे. ज्याच्याकडे बघून कुणीही म्हणेल, हा? छे, शक्यच नाही. तो चेहरा आपल्यात फक्त तुझा आहे. आणि नंबर माझा आहे."

घरी बायको म्हणाली, "नाही म्हणून सांगा."

"नाही म्हणता येत नाही गं."

"का, जीभ झडली?"

"ती माझ्यासाठी दिवसभर पाण्यात पडून होती."

"मग तुम्हीही पडा की पाण्यात! मारामारी कशाला? तुम्हाला तुमचं माहीत नाही का?"

त्याला त्याचं चांगलं माहीत होतं. म्हणून तर आठवडाभर त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता. पण उपकाराखाली दबलेल्या माणसाला अक्कल असून उपयोग नसतो.

शूटिंग चष्मेवालीच्या आईच्या घरात, तिथल्याच स्वयंपाकघरात. म्हातारीने आधी खूप आदळआपट केली होती. "झाकली मूठ सव्वा लाखाची. गेलेल्या माणसाची लक्तरं वेशीवर कशाला टांगतेस?" पण लेक ऐकेना, तेव्हा "कर काय करायचं ते, मला दाखवू नकोस" म्हणून ती आतल्या खोलीत टीव्ही लावून बसली. आवाज अगदी बारीक. मास्तरांनी बजावलं होतं.

चष्मेवालीने लोण्याला बापाची सगळी पद्धत शिकवली. घरात आल्यावर तो हातातलं घड्याळ काढून फळीवर ठेवायचा. ते ठेवलं की समजायचं. मग तो खिडकी लावायचा आणि टीव्ही मोठा करायचा, म्हणजे शेजारी काही ऐकू जायला नको. हे तिला कसं ठाऊक? तर तेव्हा ती लहान, टीव्ही तेव्हा बाहेर असायचा, आणि तिला आतल्या खोलीत कोंडलेलं असायचं. आधी खिडकीचा आवाज यायचा, मग टीव्हीचा, आणि मग आईचा आवाज येईनासा व्हायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. खिडकीचा शॉट त्यांनी सकाळीच वेगळा उरकून टाकला. दुपारी मारहाणीचा शॉट लावला तेव्हा खिडकी कॅमेऱ्यात येत नव्हती, आणि दिव्यांनी खोलीची भट्टी झालेली, म्हणून ती सताड उघडी ठेवली होती.

पहिला शॉट. लोण्याने घड्याळ काढलं आणि हात असा फिरवला की माशीनेसुद्धा मनावर घेतलं नसतं.

"कट! तू कणीक तिंबतोयस का?"

दुसरा शॉट. त्याने तिला ढकललं, आणि ती पडू नये म्हणून दुसऱ्या हाताने धरलं.

"कट! अरे, मारतोयस की नाचतोयस?"

तिसऱ्याला तो हात उगारून तसाच उभा राहिला. चौथ्याला त्याच्या डोळ्यांत पाणी. कॅमेरावाला जांभया देऊ लागला. पैसे सगळ्यांचे, दिवे भाड्याचे, संध्याकाळी परत करायचे. चष्मेवालीच्या कपाळाची शीर ताडताड उडत होती. हा सिनेमा ती इतकी वर्षं पोटात घेऊन फिरत होती, आणि हे लोणी सगळं वितळवून टाकत होतं.

"परत," ती म्हणाली. "आणि या वेळी मी कट म्हणेपर्यंत थांबायचं नाही. काहीही झालं तरी. कळलं?"

"कळलं."

कॅमेरा सुरू झाला. लोण्याने घड्याळ फळीवर ठेवलं आणि तिच्यासमोर उभा राहिला. तेव्हा ती पुढे झुकली आणि त्याला एकट्याला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली, "बापाने पट्टा काढला की तू चड्डी ओली करायचास ना रे? पलंगाखाली. कुत्र्यासारखा."

हे त्याने आयुष्यात दोनच माणसांना सांगितलं होतं. एक बायको, आणि दुसरी ही, त्या बेकारीच्या दिवसांत, रडत रडत.

त्याने मारलं. उलट्या हाताने, गालफडावर. तिचा चष्मा उडून भांड्यांच्या फळीवर आपटला. ती तोल जाऊन ओट्यावर आदळली, ओठ फुटला, हनुवटीवरून रक्ताची धार लागली. त्याने तिचे केस मुठीत धरले आणि डोकं कपाटाच्या दारावर हाणलं. एकदा, मग पुन्हा. आतले डबे धडाधड खाली आले. ती सरपटत ओट्याखाली शिरली तेव्हा त्याने तिला पायाला धरून ओट्याखालून ओढून काढलं, अगदी ओढूनच काढलं, आणि बरगडीत लाथ घातली. आतून काहीतरी मोडल्याचा आवाज आला.

कॅमेरावाला कॅमेऱ्याला चिकटला होता. मनात म्हणत होता, वा रे पठ्ठ्या! मास्तरांच्या हातातला माइकचा दांडा हलत होता, पण तोंड बंद. वायरमन एकदा "अरे" म्हणाला आणि त्याने स्वतःच आपलं तोंड दाबलं. तीन धडधाकट माणसं एका बाईला मार खाताना बघत उभी होती, आणि तीही शिस्तीत! कुणाचाच वाईट हेतू नव्हता. तिचा नंबर होता, तिचा शब्द होता, आणि तिने कट म्हटलं नव्हतं.

कसं म्हणणार? लाथ बसली तेव्हाच तिचा श्वास गेला होता. तोंड उघडं, पण आवाज नाही. तिने हात वर केला. पंजा उघडला, मिटला, उघडला. थांब.

लोण्याने तो हात पाहिला. हे नीट ऐका, कारण हे त्याच्याखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. त्याने तो हात पाहिला, त्याचा अर्थ त्याला कळला, हे काम नाही, ही खरंच थांब म्हणतेय, हे लख्ख कळलं. आणि तरी त्याने आणखी दोन लाथा घातल्या. कारण त्याला बरं वाटत होतं. मेल्याला बरं वाटत होतं!

तेवढ्यात आतल्या खोलीतला टीव्ही एकदम मोठा झाला. कुणीतरी गात होतं, भिंती हादरत होत्या. मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला, आवाजाचा सत्यानाश झाला होता. आणि पाठोपाठ म्हातारी दारात आली. अनवाणी, पदर खांद्यावरून ओघळलेला, चेहरा पांढराफटक. तिघांनाही हायसं वाटलं. चला, ही काही या कायद्यात बसत नाही, ही थांबवेल. आई आहे.

म्हातारी लेकीकडे आली नाही. ती भिंतीच्या कडेकडेने, कुणाला धक्का लागू न देता, लगबगीने खिडकीपाशी गेली. तिने बाहेर इकडेतिकडे पाहिलं, दोन्ही झडपा ओढून घेतल्या, कडी लावली. मग पाठमोरीच उभी राहिली, दोन्ही हात कडीवर घट्ट धरून.

जमिनीवर पडल्या पडल्या चष्मेवालीने ते पाहिलं. चष्मा नव्हता तरी पाहिलं. बाप खिडकी लावायचा असं ती जन्मभर समजत आली होती.

मग खोलीत अंधार झाला. दिवे गेले, टीव्हीही बंद पडला. वायरमनने मेन स्विच खाली ओढला होता. "मी कट नाही म्हटलं हां," तो अंधारात रडवेल्या आवाजात म्हणाला. "मी फक्त वीज घालवली." त्या शांततेत तिचा श्वास ऐकू येत होता, फाटल्यासारखा. आणि लोण्याचा ऐकू येत होता, धावून आल्यासारखा.

दवाखान्यात तिला लोण्याच्याच शाळेच्या गाडीतून नेलं. गाडी कॅमेरावाल्याने चालवली. लोणी मागे बसला होता आणि आपल्या हातांकडे बघत नव्हता. दोन बरगड्या मोडल्या होत्या, ओठाला टाके पडले, एका डोळ्याची सुजून गाठ झाली होती. डॉक्टरीण बाई तरुण, पण तोंडाने फटकळ.

"हे कसं झालं?"

"जिन्यावरून पडले," चष्मेवाली म्हणाली. शब्द धड उमटत नव्हते.

"कुठल्या जिन्यावरून? आणि पडताना जिन्याने केस उपटले?"

मास्तर म्हणाले, "जिना फार उभा आहे हो." कॅमेरावाल्याने मान हलवली. वायरमनने त्याहून जोरात हलवली. मंडळींचा कायदा दवाखान्यातही चालूच होता. ती म्हणतेय जिना, म्हणजे जिना.

लोणी दाराशी उभा होता. तिने त्याला वाचवलं होतं, पुन्हा एकदा. गप्प बसला असता तर सगळं तिथेच मिटलं असतं. तो सिनेमा बघून लोक म्हणाले असते, काय जीव ओतलाय! बायकोला तो म्हणाला असता, काम होतं गं ते, नुसतं काम. नोकरी राहिली असती, घर राहिलं असतं, मुलगी गळ्यात पडत राहिली असती. आणि आत बाप राहिला असता, ऐसपैस, मांडी घालून.

"जिना नाही," तो म्हणाला. "मी मारलं."

"अरे, शूटिंग होतं—" मास्तर मध्ये पडले.

"शूटिंग पहिल्या लाथेपर्यंत होतं, मास्तर. तिने हात वर केला. मला कळलं होतं. त्यानंतर दोन लाथा मी मारल्या. माझ्या मनाने मारल्या."

डॉक्टरीण बाईंनी लेखणी उचलली. तशी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेली म्हातारी ताडकन उठली आणि डॉक्टरीण बाईंचा हातच धरला. गयावया करत म्हणाली, "अहो, नका हो लिहू. फार चांगला आहे तो. देवमाणूस आहे. रागाच्या भरात होतं कधीकधी, बाईने समजून घ्यायचं असतं. हो की नाही रे बाळा?" आणि लोण्याकडे बघून ती हसली. अजीजीचं, घाबरलेलं, मुरलेलं हसू. असं ती आजवर एकाच माणसाकडे बघून हसली असेल.

लोणी त्या हसण्यापासून मागे सरला. त्याने भिंतीला हात टेकला.

"आई," खाटेवरून चष्मेवाली म्हणाली. बोलताना ओठाचा टाका ओढला जात होता, डोळ्यातून पाणी येत होतं. "त्यांचा हात सोड."

"अगं पण पोलीस येतील, त्याच्या घरी लेकरू आहे—"

"सोड म्हणते ना!"

म्हातारीने हात सोडला. चष्मेवालीने एका उघड्या डोळ्याने लोण्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्याने नजर खाली केली नाही.

"ते पट्ट्याचं मी बोलायला नको होतं," ती म्हणाली. "ते माझं चुकलं. लाथा तुझ्या."

"हो," तो म्हणाला.

"लिहा, डॉक्टर. तो सांगतोय तसंच लिहा."

डॉक्टरीण बाई लिहू लागल्या. लोणी तिथेच भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. नोकरी जाणार होती, बायकोने काय करायचं हे त्यानेच तिला लग्नाआधी सांगून ठेवलं होतं, आणि त्याला मरणाची भीती वाटत होती. पण त्या रडण्यात भीतीपेक्षा सुटका जास्त होती. त्याच्या बापाचं कुणी कधीच लिहून घेतलं नव्हतं.